उलटा तास

भाईंदर (प.)
९ जुलै १९९५

चि. संपदा,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर. आज मला राष्ट्रीय महत्त्वाचं एक दुःख कळवायचंय: आपली निळी बालदी गेली.

तीन दिवस पावसाने झोडपलं, खाडीचं पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलं आणि 'सागरदर्शन'च्या छापील पत्रकात बिल्डरने कबूल केलेलं समुद्राचं दर्शन अखेर घरोघरी नळातून घडलं. चहा खारट, वरण खारट. समोरच्या हंसाबेन दारात येऊन म्हणाल्या, "पंढरीभाई, आज दाल में नमक नहीं डाला, फिर भी थूकना पडा." मग आम्ही सगळी सभ्य माणसं इस्त्रीचे लेंगे घालून शेजारच्या मोरवा गावातल्या विहिरीवर गेलो. नगरपरिषदेवर लेखणी चालवणं वेगळं आणि विहिरीत बालदी सोडणं वेगळं. दोरी हातातून सुटली. बालदी सत्तेतून चाललेल्या मंत्र्यासारखी गेली, म्हणजे शेवटपर्यंत वर राहायची धडपड करत.

काठावर एक म्हातारी कपडे आपटत होती. तिने मला खालवर पाहिलं आणि म्हणाली, "शिकलेला दिसतोस." एवढा अपमान पुरेसा नव्हता म्हणून स्वतःची बालदी पुढे केली. जर्मनची, जुनी, एका बाजूला पोचा आलेली. "ने ही. मंग आनून दे." मी नाव-पत्ता सांगायला लागलो तर, "नावाशी मना काय करायचंय? बालदी वळखीन मी."

मी संध्याकाळीच परत देणार होतो. पण तुझी आई! आशा म्हणाली, "दादा, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. काहीतरी घालून दे." काय घालायचं यावर घरात चर्चासत्र बसलं. नारळ ठरला, नारळ आणला, त्याची चटणी झाली. आता गूळ ठरतोय. तोवर म्हातारीच्या बालदीने माझी आंघोळ चालू आहे.

तुझं कसं चाललंय? राज्यशास्त्र शिकायला एवढ्या लांब घाटावर गेलीस. आमच्या सोसायटीच्या सभेला वर्षभर बसली असतीस तर फुकटात एम. ए. झाली असतीस. जरा चुरचुरीत काही लिही. 'खाडीवारा' साप्ताहिकातल्या माझ्या सदरात दर शुक्रवारी 'मिठाचा खडा' टाकायचा असतो, आणि संपादक रोशन म्हणतो, "रस्ते, गटार, पाणी फार झालं, वाचक पेंगतायत." विषय आटलेत.

— मामा


मुलींचं वसतिगृह, विद्यापीठ
२६ जुलै १९९५

मामा,

खोलीतल्या मुलींना तुझी बालदी वाचून दाखवली, सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण 'मोरवा' हा शब्द आला की हल्ली माझं डोकं फिरतं.

आम्हाला राजकीय विचार शिकवायला प्रा. धर्माजी भोईर आहेत. मोरव्याचे. पहिल्या दिवशी ओळख परेडमध्ये मी भाईंदर म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, गावचा माणूस भेटला. "कुठे राहतेस?" "सागरदर्शन." "हां, म्हणजे माझ्या काकाच्या मिठागरावर. तुमची मोरी आहे ना, तिथे आमच्या मिठाच्या राशी लागायच्या. बस खाली." अख्खा वर्ग हसला.

तेव्हापासून हेच. राज्याची उत्पत्ती? मिठागर. सामाजिक करार? मिठागराच्या मालकाने मजुराशी केलेला. मालमत्तेच्या हक्काला अख्खा आठवडा मिठागर. अभ्यासक्रमातलं एक प्रकरण त्यांनी अळणी ठेवलेलं नाही. टेबलावर पुस्तकाच्या शेजारी त्यांच्या मिठागर कामगार संघटनेची पत्रकं असतात. 'फ्लॅटवाले' हा शब्द ते 'सरंजामदार' म्हणावा तसा म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघतात. जणू मी हातात फावडं घेऊन त्यांच्या काकाला हाकललं! आमच्या लालबागच्या खोलीचं कोणी विचारत नाही.

कळस ऐक. मागच्या मंगळवारी म्हणाले, "उद्याचा तास कचेरीसमोर." तिथे मोर्चा होता, मोरव्याच्या मिठागरावर भराव टाकू नये म्हणून. सर घोषणा देतायत आणि त्यांच्या काखेत काय होतं, तर हजेरीपट! मोर्च्यात हजेरी घेतली मामा. मी गेले नाही. ग्रंथालयात बसले. गैरहजर.

पण मामा, इथेच थांबले तर मीही त्यांच्यासारखीच होईन. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. म्हटलं, "सर, मोर्चा हा तास कसा?" ते सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही. तास नव्हता. हजेरीपट नेला तो माझा हावरटपणा. चुकलो." आणि तिथल्या तिथे सगळ्यांच्या हजेऱ्या लावल्या.

दर शनिवारी त्यांचा 'उलटा तास' असतो. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसतात आणि आमच्यातला एकजण व्यासपीठावरून त्यांनी शिकवलेलं खोडून काढतो. बोलायचं असेल तर सर हात वर करतात आणि आपण 'विचारा' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. गेल्या वर्षी ज्याने त्यांना सर्वांत जास्त सोलून काढलं त्यालाच त्यांनी सर्वांत जास्त मार्क दिले, हे सगळे सांगतात. बाकीचे सर नोट्स सांगतात, आम्ही उतरवतो, आणि दोघांपेक्षा पंख्याचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. भोईरसरांच्या तासातूनच मी डोकं तापून बाहेर येते.

मला उलटा तास हवाय. नाव दिलंय. त्यांना तिथे, त्यांच्याच व्यासपीठावरून हरवायचंय.

— संपदा


भाईंदर
६ ऑगस्ट १९९५

चि. संपदा,

तुझं पत्र एकदा मनात वाचलं, एकदा आशाला मोठ्याने वाचून दाखवलं. मोर्च्यात हजेरी! अगं, आम्ही आयुष्यभर उपरोध शोधत उन्हातान्हात फिरतो आणि तुला तो तासाला बसल्या जागी मिळतो.

पुढची बातमी. टाकी अजून खारटच, म्हणून परवा विहिरीवर गेलो होतो. म्हातारीचं नाव रखमाबाई भोईर. सहज विचारलं, "तुमचं कोणी घाटावर शिकवायला असतं का?" तर, "माजा धर्माजीच त्यो. मास्तर हाय. तिकडं पोरांना मिठाचं शिकवतो." म्हणजे आईलाही विषय ठाऊक आहे! लेक आपल्या मोरीवर हक्क सांगतो आणि आई त्याच मोरीत वापरायला बालदी देते. या घराण्याने एकदा धोरण ठरवायला हवं. मी तुझं नाव काही काढलं नाही. बालदीही काढली नाही. गूळ आणला होता, त्याला मुंग्या लागल्या.

पत्र आवरतं घेतो. रोशनचा माणूस मजकुरासाठी दारात उभा आहे, आणि आज बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे मजकूर आहे.

— मामा


वसतिगृह
१८ सप्टेंबर १९९५

मामा,

मिळाला! शनिवार, १४ ऑक्टोबर. दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा उलटा तास माझा. सर म्हणाले, "तयारी करून ये. कच्ची आलीस तर मी सोडणार नाही." मी म्हटलं, "तुम्हीही करून या." वर्गात शिट्टी वाजली.

माझं म्हणणं असं आहे. सरांच्या जगात दोनच माणसं आहेत: मीठ पिकवणारा आणि मीठ गाडणारा. आपण तिसरे. आपल्याला त्यांच्या सिद्धांतात खोली नाही, मोरीसुद्धा नाही. पण आपणही कुठून तरी हाकललेलेच आहोत. म्हणून मला हे हवंय: लालबागची खोली नक्की कशी गेली ते आईकडून नीट विचारून लिही. बिल्डिंगमधले बाकीचे कुठून आले, का आले तेही. आणि मोरव्यात एक गोष्ट काढ. सर 'काकाचं मिठागर' म्हणतात, ते काकाचं होतं की काका तिथे नुसता राबत होता? मालक भलताच असेल तर सरांचं अर्धं भाषण तिथेच बसतं.

हे मला जिंकायचंय मामा. आत्तापर्यंत वर्गात कोणी माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन ऐकायची तयारी दाखवली नव्हती, आणि ती दाखवणारा माणूस माझ्या विरुद्ध आहे. गंमत आहे ना?

— संपदा


भाईंदर
२ ऑक्टोबर १९९५

चि. संपदा,

तुझ्या युद्धासाठी दारूगोळा पाठवतोय.

लालबाग: गिरणी बंद पडली, तुझे बाबा त्याच वर्षी गेले, चाळमालकाने दुरुस्तीसाठी म्हणून खोली रिकामी करून घेतली आणि दुरुस्त झालेल्या चाळीत आपण मावलो नाही. आशा एवढंच सांगते आणि उठून जाते. जास्त विचारलं नाही.

हंसाबेन: "भुलेश्वर में एक रूम, उसमें सात जन, ऊपर से सासू. यहाँ आके पहली बार पाँव लंबे करके सोई." तुझ्या सरांना सांग, त्यांच्या काकाच्या मिठागरावर एका बाईचे पाय सरळ झाले.

मोरव्यात चौकशी केली. मिठागर काकाचं नव्हतं. मालक मुंबईचा, कधी इकडे फिरकला नाही. भोईर तीन पिढ्या तिथे मजूर. मालकाने जमीन विकली, हे त्यांना भराव पडताना दिसला तेव्हा कळलं. म्हणजे सर थोडं वाढवून सांगतात. जोरात मार.

— मामा

(चि. संपू, खालची जागा माझी. अंगाला तेल लावत जा. मामा सांगणार नाही म्हणून मी सांगते, सध्या भाईंदरात त्याचं फार नाव झालंय. तुझ्या मोरव्याच्या मास्तरांवर त्याने ऑगस्टमध्ये 'खडा' लिहिला, मोर्च्यात हजेरी घेतात ते, आणि आपल्या मोरीचं. लोक दुकानात वाचून हसत होते. परवा कोणी बिल्डरचा माणूस घरी मिठाई देऊन गेला, म्हणाला, आमच्या शेठना फार आवडला, पन्नास प्रती घेतल्या. मी ती मिठाई बालदीत घालून म्हातारीला द्यावी म्हणत होते, तर दादा एकदम ओरडलाच. कळत नाही का ते. — आई)


वसतिगृह
१५ ऑक्टोबर १९९५

मामा,

आईचा मजकूर मला शुक्रवारी मिळाला. शनिवारी सकाळी सरांना आधी जाऊन तुझ्या लेखाचं सांगायचं ठरवलं होतं. ते नेमके थेट वर्गात आले. तास संपला की सांगू म्हटलं.

मी आईची मोतिया साडी नेसले होते. सर शेवटच्या बाकावर. मी हंसाबेनच्या पायांपासून सुरुवात केली. वर्ग हसला, सरही हसले. मग मी म्हटलं, "काकाचं मिठागर काकाचं नव्हतं." सरांनी हात वर केला. मी 'विचारा' म्हणणार इतक्यात दार उघडलं.

तेजस्वी विद्यार्थी मंचची पोरं. तीस-चाळीस. प्रत्येकाच्या हातात तुझ्या लेखाची झेरॉक्स. त्यांच्या पुढाऱ्याने माझ्या गळ्यात हार घातला. "संपदाताई, तुम्हाला आता बोलायची गरज नाही. तुम्ही बोललात ते महाराष्ट्राने वाचलंय." मी हार काढत होते तर फोटो काढणारा म्हणाला, "राहू द्या, राहू द्या." सरांचा हात अजून वरच होता. पोरांनी त्या हातावरून शाई ओतली. मनगटावरून बाहीत गेली, मग डोक्यावर. सर एकच वाक्य बोलले: "तिचं पुरं होऊ द्या." कोणी होऊ दिलं नाही.

रात्रभर तुझा लेख आणि माझं पत्र आठवून आठवून ताडून पाहिलं. मोरी आहे. मिठाचं प्रत्येक प्रकरण आहे. काखेतला हजेरीपट आहे, तो तर तू छान रंगवलायस. आणि माझ्या पत्रात जिथे 'पण मामा' होतं, तिथे तुझा लेख संपतो. सरांनी चूक कबूल केली ते नाही. शनिवार नाही. तू माझं पत्र बरोबर त्या 'पण'पाशी कापलंस.

झेरॉक्सवाल्याने घाईत मागचं पानही काढलंय. 'सागरवैभव, बारा इमारती, मोरव्याच्या निसर्गरम्य परिसरात.' अख्खं पान. मोर्चा त्याच भरावाविरुद्ध होता मामा. सरांच्या टेबलावर काय असतं ते तुला ठाऊक होतं. तुझ्या लेखाच्या पाठीवर काय छापलं जातं ते ठाऊक नव्हतं?

मला त्यांना हरवायचं होतं.

दिवाळीला येत नाही.

— संपदा


भाईंदर
२२ ऑक्टोबर १९९५

चि. संपदा,

तुझा राग पोचला. उद्या दिवाळी, आणि आशाने उटण्याच्या वाटीसकट माझ्याशी बोलणं बंद केलंय.

मी नाव घेतलेलं नाही. तुझंही नाही, त्यांचंही नाही, विद्यापीठाचंही नाही. 'मोरव्याचे एक प्राध्यापक' आणि 'माझी भाची' एवढंच. मोरवा लिहिल्याशिवाय इथल्या वाचकाला आपल्या घरचं वाटत नाही. आता मोरव्यात प्राध्यापक एकच निघाले, हा माझा दोष की मोरव्याचा?

आणि विनोदाला 'पण' परवडत नाही गं. 'सर वाईट आहेत, पण चांगलेही आहेत' हे शुक्रवारी कोण वाचणार? शाई ओतणारी ती पोरं, मी नव्हे. तुझे सर हजेरीपट घेऊन मोर्च्यात गेलेच होते ना? मग? मी खोटं काय लिहिलं? एक वाक्य दाखव.

फराळ पाठवतोय. चकल्या माझ्या हातच्या, म्हणून वाकड्या.

— मामा


भाईंदर
१० डिसेंबर १९९५

चि. संपदा,

दिवाळीच्या पत्राला उत्तर नाही. फराळाचा डबा 'घेणाऱ्याने नाकारला' असा शिक्का घेऊन परत आला. हाही रिकामा आला नाही म्हणायचा.

तुझ्या पत्राचा उरलेला भाग मी लिहून काढला आणि रोशनकडे नेला. त्याने वाचला. म्हणाला, "पंढरीनाथराव, छान आहे. पण हे कौतुक झालं. आपल्याकडे कौतुक जाहिरातीच्या दराने लागतं."

"अरे, पहिला अर्धा छापलास ना?"

"तो विनोद होता."

"मग हा दुसरा अर्धा?"

"याच्यात कोण कोणाला हसतंय ते कळत नाही. आणि खरं सांगू? शेठना आवडायचं नाही."

मी टेबलावरचा अंक उलटला. मागचं पान पाहिलं. मग कपाटातले जुने अंक काढून तेही उलटले. सगळ्यांवर तेच बिल्डर, फक्त इमारतींची नावं बदलत गेलेली. इतकी वर्षं दर शुक्रवारी मी माझा लेख वाचायचो आणि अंक घडी घालून ठेवायचो. घालताना मागचं पान आतच जायचं.

'मिठाचा खडा' बंद केलाय. वाचकांची पत्रं वगैरे काही आलेली नाहीत.

टाकी केव्हाच दुरुस्त झाली. विहिरीवर जायचं कारण उरलेलं नाही. स्टेशनला जाताना मी हल्ली मोरव्याची वाट टाकून दुसऱ्या वाटेने जातो. बालदी मोरीत पालथी घातलेली आहे.

— मामा


वसतिगृह
२० जानेवारी १९९६

मामा,

सरांवरच्या चौकशी समितीचं काम संपलं. मला दोनदा बोलावलं. लांब टेबल, तीन माणसं, पुढे तुझा लेख टाइप करून. एकजण बोट ठेवून विचारायचा, "हे वाक्य तुमचंच?" मी म्हणायचे, "हो, पण त्याच्या पुढे..." "विचारलं तेवढंच सांगा." शेवटी मी म्हटलं, "पुढचं न ऐकता निर्णय देणार असाल तर पक्षपात कोणाचा?" लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन थांबवलं. साहेब म्हणाले, "हे नोंदवायची गरज नाही."

सरांना निलंबित केलंय. कारणात 'वर्गातील राजकीय प्रचार' असं आहे. ते खरंच आहे, आणि म्हणूनच मला काही बोलता येत नाही. ते मोरव्याला परत गेलेत.

आता आमचे तास निःपक्षपाती असतात. नवे सर पहिल्या दिवशी म्हणाले, "मी कुठल्याच बाजूचा नाही." खिडकीकडे बघून नोट्स सांगतात. मालमत्तेच्या हक्काचं प्रकरण गाळलंय, परीक्षेला येत नाही म्हणून. मी विचारलं, का येत नाही? म्हणाले, "तुम्ही त्या मोर्चावाल्या भोईरांच्या विद्यार्थिनी का?" मी हो म्हटलं. शनिवारी सुटी असते.

मंचची पोरं जिन्यात भेटली की नमस्कार करतात. मी त्यांची ताई आहे.

सोबत माझा उलटा तास आहे. पूर्ण लिहिलाय. सरांच्या विरुद्धच आहे, एक शब्द मऊ केलेला नाही. मोरव्याला त्यांच्या हातात दे. टपालाने पाठवला असता, पण तू जावंस असं मला वाटतं. वाचू नकोस. वाचलास तर कुठेतरी कापावासा वाटेल.

— संपदा


भाईंदर
११ फेब्रुवारी १९९६

चि. संपदा,

आज रविवार. सकाळी गेलो होतो.

आशाने काल रात्रीच बालदी चिंच लावून घासून ठेवली होती. जवळजवळ चार महिन्यांनी पहिलं वाक्य बोलली, "रिकामी नेऊ नकोस." मी तुझा लिफाफा बालदीत ठेवला. चिकटवलेला होता, तसाच.

रखमाबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मला पाहिलं नाही, बालदी पाहिली. "आली का? पावसाला गेला, हिवाला गेला. मना वाटलं, भंगारात घातलीस." मी म्हटलं, उशीर झाला. "ऱ्हाऊदे. धर्माजी पन हाय घरी. सुटी काडून आलाय." तिला सुटी एवढंच माहीत आहे.

तेवढ्यात ते बाहेर आले. बनियन, खांद्यावर टॉवेल. मी फोटोसुद्धा पाहिला नव्हता. माझ्या लेखातला माणूस याच्याहून बराच मोठा होता.

"कोण?"

"संपदाचा मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "बये, आत जा जरा." ती गेली नाही. मग तेच खालच्या आवाजात म्हणाले, "मिठाचा खडा." मी मान हलवली. मी घरून एक वाक्य तयार करून नेलं होतं. ते चांगलं होतं, थोडं चुरचुरीतही होतं. म्हटलं नाही. बालदी पुढे केली.

त्यांनी लिफाफा काढला, पाठपोट पाहिला, म्हणाले, "वाचलंत?"

"नाही. नको म्हणाली."

पायरीवर बसून वाचायला लागले. मला कोणी बस म्हटलं नाही, मी उभा राहिलो. पहिल्या पानावर एकदा हसले, ते हंसाबेनचे पाय असणार. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. खांद्यापर्यंत गेला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की समोर कोणी नाही. हळूच खाली घेतला.

मी म्हटलं, "काही विचारायचं असेल तर मी तिला कळवतो."

"नको," ते म्हणाले. "तुम्ही अर्धंच कळवाल."

आतून एक पेन्सिल मागवली आणि समासात लिहायला लागले. उत्तर थेट तुझ्या वसतिगृहावर येईल, माझ्या हातून नाही. पेन्सिल बरीच जोरात चालली होती, तेव्हा तयारीत राहा.

रखमाबाईंनी बालदी उलटी करून बूड ठोकलं, पोच्यावरून अंगठा फिरवला. "माजीच हाय," म्हणाल्या, आणि दोरी बांधून विहिरीत सोडली.

मी निघालो. बालदी दिली, एवढं कळवायला लिहिलं.

— मामा